तुटली तर बरं

जुन्या लष्करी ट्रकचा नाद लागलेल्या माणसाशी बोलताना दोन पथ्यं पाळावीत. पहिलं, विंचला क्रेन म्हणू नये. दुसरं, "एवढं सगळं करून याचा उपयोग काय?" असं विचारू नये. पहिल्या अपराधाला माफी असते. क्रेन उचलते आणि विंच ओढते, हे अर्धा तास समजावून माणूस तुम्हाला सोडून देतो. दुसऱ्या अपराधाला मात्र तो तुम्हाला ट्रकखाली घेतो. पाठीखाली गोणपाट, हातात बॅटरी आणि वरून प्रश्न, "दिसला का शाफ्ट?" अशा वेळी दिसला म्हणावं. न दिसता दिसला म्हटल्यानं कुणाचं वाईट होत नाही आणि आपली सुटका लवकर होते.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत असा एक गृहस्थ आहे. जन्मभर बँकेत नोकरी केली. एनसीसीतसुद्धा कधी गेला नाही. पण दारात ट्रक आल्यापासून सगळी सोसायटी त्याला सुभेदार म्हणते आणि तोही मान किंचित ताठ करून 'ओ' देतो. ट्रक 1943 सालचा डॉज, मॉडेल डब्ल्यूसी-52. दुसऱ्या महायुद्धात क्रायस्लर कंपनीच्या डॉज विभागानं अमेरिकी सैन्यासाठी पाऊण टनी, चारही चाकांना ताकद मिळणारे ट्रक बनवले. त्यांतल्या उघड्या पाठीच्या ट्रकांची दोन भावंडं, 51 आणि 52. इंजिन तेच, सहा सिलिंडरचं, 92 हॉर्सपॉवरचं. फरक एवढाच, की 52 च्या तोंडावर विंच आहे आणि तिच्यासाठी चासी पुढे वीतभर वाढवलेली आहे. 1942 ते 1945 या काळात विंचवाले असे साठेक हजार ट्रक बाहेर पडले. बिनविंचवाले त्याच्या दुप्पट. सुभेदाराच्या लेखी ती वीतभर चासी म्हणजे खानदान. 51 वाला कुणी भेटला तर तो त्याच्याशी अतिशय प्रेमानं बोलतो आणि तेच त्या माणसाला लागतं.

अमेरिकी ट्रक पुण्यात कसा, हा प्रश्न नव्या पिढीलाच पडतो. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आणि आसामातल्या लेडोपासून चीनकडे काढलेल्या रस्त्यासाठी अमेरिकेनं या देशात वाहनं लोटली होती. युद्ध संपल्यावर ती परत नेण्याचा खर्च कोण करणार? पुष्कळशी इथेच डिस्पोजलमध्ये विकली गेली. जुने ड्रायव्हर 'डिस्पोजलची गाडी' हे शब्द अजून एका खास आदरानं उच्चारतात. अशा गाड्यांनी मग जंगलातले ओंडके ओढले, खाणीत दगड वाहिले आणि जिथे रस्ता नव्हता तिथे माणसं पोचवली. सुभेदाराचा डॉज गगनबावड्याकडच्या एका वखारीत होता. तिथे तो कित्येक वर्षं सागाचे ओंडके ओढत होता आणि नंतर कित्येक वर्षं कोंबड्यांना सावली देत होता.

ट्रकच्या तोंडावरच्या या दोन वस्तू, बंपर आणि विंच, मुळात सोसण्यासाठीच घडवलेल्या. बंपरनं मार खायचा, विंचनं स्वतःला किंवा दुसऱ्याला चिखलातून ओढून काढायचं. जीर्णोद्धार सुरू झाला की हा सगळा न्याय उलटा होतो. मग माणसं मार खातात, बंपर जपला जातो. घरची मंडळी ओढाताण सोसतात, विंच विश्रांती घेते. सुभेदाराच्या घरी पहिल्याच महिन्यात जाहीर झालं, की बंपरला कुणीही सायकल टेकवायची नाही, त्यावर वाळवण घालायचं नाही, आणि 'कुणीही' या शब्दात वहिनीही येतात. वहिनी म्हणाल्या, "युद्धातून वाचला ना तो? मग माझ्या सांडग्यांनी काय होणार त्याला?" लष्करीदृष्ट्या हा मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच सुभेदारानं त्याला उत्तर दिलं नाही.

बंपर म्हणजे दिसायला साधी वस्तू. जाड पत्र्याची दाबून केलेली पन्हळ, दोन्ही टोकं किंचित मागे. तो खरवडायला घेतला तेव्हा कळलं, की ही पन्हळ नसून दप्तर आहे. सगळ्यात वर चांदी रंग. त्याखाली पिवळा. त्याखाली निळा आणि निळ्यावर तांबड्या, वळणदार, सुबक अक्षरांत 'जय मल्हार'. त्याखाली पुन्हा कुठला तरी हिरवा. आणि सगळ्यात खाली, पत्र्याला धरून बसलेला, तो लष्करी मळकट हिरवा. सुभेदार थिनरचा बोळा घेऊन दर थराला थांबायचा, फोटो काढायचा आणि मग पुढे सरकायचा. मोहेंजोदडो खणणाऱ्यांनीही इतका वेळ घेतला नसेल. 'जय मल्हार'ला आल्यावर मात्र काम अडलं. वहिनींचं माहेर जेजुरीजवळचं. खंडोबाचं नाव थिनरनं पुसायला त्यांनी साफ नकार दिला. सुभेदाराचं म्हणणं, की अमेरिकी सैन्यात मल्हार नव्हता. वहिनींचं म्हणणं, की तो कुठे नसतो? शेवटी तडजोड अशी निघाली, की पुढची अक्षरं जातील आणि तीच अक्षरं बंपरच्या आतल्या अंगाला, रेडिएटरकडे तोंड करून, पुन्हा लिहिली जातील. तिथे ती फक्त मेस्त्रीला आणि मल्हारीला दिसतात.

बंपरच्या डाव्या अंगाला एक मोठा पोचा होता. कुणाही शहाण्या माणसानं तो ठोकून काढला असता. पण शहाण्या माणसाकडे 1943 सालचा ट्रक नसतो. सुभेदाराला प्रश्न पडला, की हा पोचा युद्धातला असला तर? युद्धातला पोचा हा इतिहास आणि नंतरचा पोचा हे नुकसान, असा या क्षेत्रात संकेत आहे. डेंटिंगवाला आला, त्यानं पोच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, पोचा तो पोचा. तो काय बिल्ला लावून येतो होय?" पण सुभेदारानं भिंग आणलं. पोच्याच्या तळाला खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली. चुना. चुन्याशेजारी तांबूस पट्टा. गेरू. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढण्याची आपली जुनी रीत आहे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर शत्रूनं झाडांना गेरू लावल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे पोचा जपान्यांचा नव्हे, चिंचेचा. सुभेदाराचा चेहरा पडला, पण सद्सद्विवेक मोकळा झाला. गॅसवर पत्रा लाल केला, मागून जॅक लावला, वरून हातोडा चालवला आणि पोचा निघाला. लांबी भरायची नाही, ही अट होती. लांबी भरून सपाट केलेला बंपर हा या मंडळींत चारित्र्याचा प्रश्न समजतात.

नटबोल्टांनी निराळाच इतिहास शिकवला. बंपर आणि विंच यांना चासीशी धरून ठेवणारे काही बोल्ट वखारीच्या काळातच गेले होते. सुभेदार नाना पेठेत गेला. दुकानदारानं अर्ध्या इंचाचा बोल्ट काढून दिला. बोल्ट नटात शिरला, एक फेरा गेला, दुसरा गेला आणि मग मान वेळावून जागेवर बसला. ना पुढे, ना मागे. कारण इंग्रजांच्या व्हिटवर्थ पद्धतीत अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात 12 आटे आणि अमेरिकी जाड्या आट्यांच्या बोल्टला 13. आट्याचा कोनही एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. दोन मित्रराष्ट्रं खांद्याला खांदा लावून महायुद्ध लढत होती आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नव्हता. या घोळाचा त्यांना इतका मनस्ताप झाला, की युद्ध संपल्यावर 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांचा रीतसर तह केला. सुभेदार हे सगळं दुकानदाराला सांगत होता. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हातोडीनं जरा मारून बघितला का?"

गंज काढायचा प्रयोग गच्चीवर झाला. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार भंगारातल्या लोखंडाच्या तुकड्याला. प्रवाह सोडला की बुडबुडे येतात, गंज सुटून पाण्यात उतरतो आणि खालचं चांगलं लोखंड जागच्या जागी राहतं. हा प्रयोग खरोखर उत्तम आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. धन तारेला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि बुडबुडे हायड्रोजनचे असल्यामुळे शेजारी विडी ओढायची नाही. दोन्ही सूचना सुभेदारानं पाटीवर लिहून लावल्या. परिणामी बी विंगमध्ये बातमी पसरली, की गच्चीवर बाँबचं काम चालू आहे. सेक्रेटरी वर आले, पिंपात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या गॅलरीचे गज पण यात बसतील का हो?"

या सगळ्या काळात घरात एकच ग्रंथ उघडा असे. अमेरिकी सैन्याचं या ट्रकचं टेक्निकल मॅन्युअल, टीएम 9-808. सुभेदार त्याचं सकाळ-संध्याकाळ पारायण करी आणि जेवताना एखादी ओवी म्हणावी तसा त्यातला वंगणाचा तक्ता म्हणे. वहिनी वाढता वाढता विचारत, "यात पोळी किती दिवसांनी द्यायची ते लिहिलंय का?"

आता विंच. ट्रकच्या गिअरबॉक्सच्या कडेला एक छोटी पेटी असते. केबिनमधला दांडा ओढला, की इंजिनाची ताकद चाकांऐवजी या पेटीतून एका लांब शाफ्टवर येते. हा शाफ्ट इंजिनाखालून पुढे जातो आणि विंचचा वर्म फिरवतो. वर्म म्हणजे आटे पाडलेला जाड दंड. त्यात अडकलेलं मोठं दातेरी चाक पितळवर्णी ब्रॉन्झचं. ते सावकाश फिरतं, त्याबरोबर ड्रम फिरतो आणि ड्रमवर वायररोप गुंडाळला जातो. सुरुवातीच्या विंचची ओढ 5,000 पौंड, म्हणजे सव्वादोन टनांच्या वर; पुढे ती 7,500 पौंडांपर्यंत गेली. बघायला सगळं ओबडधोबड, पण आत तत्त्वज्ञान भरलेलं. ते असं, की शाफ्ट आणि विंच जिथे जोडले जातात तिथे आरपार एक पिन असते. साध्या, मऊ पोलादाची, बोटाएवढी, किरकोळ किमतीची. या सगळ्या यंत्रात एवढीच वस्तू अशी, की जी तुटावी म्हणून बसवलेली आहे. ओढ मर्यादेबाहेर गेली की सगळ्यात आधी ही पिन तुटते. शाफ्ट मोकळा फिरत राहतो, चाकाचे दात वाचतात, रोप वाचतो आणि रोपाच्या रेषेत उभा असलेला मूर्खही वाचतो.

सुभेदाराची विंच उघडली तेव्हा आत तेलाचा डांबरासारखा गोळा होता आणि ब्रॉन्झच्या चाकाचे दात झिजून पात्यासारखे झाले होते. काही तर मुळापासून गेलेले. सुभेदार ते चाक कापडात गुंडाळून कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात घेऊन गेला. मीही बरोबर होतो. तांबडा-पांढरा रस्सा हा माझा जीर्णोद्धारातला वाटा. उद्यमनगरात एकदा शिरलं की जगातली कुठलीही वस्तू पुन्हा बनवता येते, असा माणसाचा समज होतो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. मेस्त्रींनी चाक हातात घेतलं, नखानं एका दाताची धार पाहिली आणि जिभेनं चक् चक् केलं.

"वर्म आणलाय न्हवं? त्यो चांगला हाय. चाक नवं वतू, दात पाडू. पण पिन कुठाय हिची?"

सुभेदारानं पिशवीतून पिनच्या जागी निघालेला बोल्ट काढला. मेस्त्रींनी कानस घेऊन त्यावर एकदा ओढली. कानस घसरली, बोल्टावर ओरखडाही उठला नाही. मेस्त्री हसले.

"पाव्हणं, ही पिन न्हवं. ही पहार हाय. हिच्यापायी चाक गेलं."

झालं होतं ते असं. वखारीतल्या कुणा कर्तबगार माणसाला पिन सारखी तुटण्याचा कंटाळा आला होता. ओंडका जड, पिन तुटली. नवी घातली, तीही तुटली. मग त्यानं विचार केला, की दरवेळी तुटणारी वस्तू म्हणजे वाईट वस्तू. आणि त्यानं तिच्या जागी कुठल्या तरी मोठ्या यंत्रातला हाय-टेन्साइल बोल्ट ठोकला. त्यानंतर पिन कधीही तुटली नाही. चाक तुटलं.

या माणसाला मी दोष देत नाही, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारा तोच. "आता बघू कसा उडतो!" असं म्हणून तो समाधानानं हात झटकतो. फ्यूज खरोखरच उडत नाही, गीझर उडतो. कुकरची शिट्टी फार वाजते म्हणून तिच्यावर चमचा ठेवणाराही त्याचाच भाऊ. आपल्याला स्वतःहून तुटणाऱ्या वस्तूचा मनापासून राग आहे. मजबुती म्हणजे कुठेच न तुटणं, अशी आपली श्रद्धा. कुठे तुटायचं हे आधी ठरवून ठेवणं हाही मजबुतीचाच भाग आहे, हे आपल्याला भेकडपणाचं वाटतं.

गंमत अशी, की यंत्रात आपण ही मऊ पिन टिकू देत नाही, पण कार्यालयात ती बसवायला कधी विसरत नाही. पूल खचला, टेंडर फसलं, फाइल हरवली, की सगळ्या व्यवस्थेत नेमकी एकच वस्तू टक्‌ करून तुटते. तिला कनिष्ठ लिपिक म्हणतात. त्याच्या निलंबनानं वरचे सगळे दात शाबूत राहतात. शाफ्ट मोकळा गरगरत राहतो, आवाज पूर्वीसारखाच येतो आणि ओढ मात्र कशालाच बसत नाही. काही महिन्यांनी नवी पिन घालतात. या बाबतीत आपलं अभियांत्रिकी जगाच्या पुढे आहे.

नवं चाक आलं. सोन्यासारखं पिवळं, दातांवर कटरच्या रेषा अजून दिसणारं. वर्म त्यात फिरवून पाहिला तेव्हा मेस्त्रींनी डोळे मिटले आणि कान जवळ नेला. आवाज नाही म्हटल्यावर डोळे उघडले. तेल आणायला गेलो तिथेही हाच विषय पुन्हा निघाला. दुकानदार सगळ्यात भारी गिअर ऑइल पुढे करत होता आणि सुभेदार सगळ्यात साधं मागत होता. कारण जास्त दाबासाठी बनवलेल्या भारी तेलातली गंधकाची औषधं ब्रॉन्झसारख्या पिवळ्या धातूला खाऊ शकतात. "साहेब, पैशाचा प्रश्न असेल तर थोडं कमी करतो," दुकानदार म्हणाला. स्वस्त माल हट्टानं मागणारं गिऱ्हाईक त्यानं पूर्वी पाहिलं असेल. पण तत्त्वासाठी मागणारं पहिलंच असावं.

रंगाची पाळी आली तेव्हा सुभेदाराचा मुक्काम वादात होता. महायुद्धातला ऑलिव्ह ड्रॅब नेमका कसा, यावर जगभरची ही मंडळी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. कुणाचा जास्त तपकिरी, कुणाचा जास्त हिरवा, कुणाचा उन्हात निराळा. त्यातली मौज अशी, की हा रंग बनवायला हिरवा लागतच नाही. पिवळी माती आणि काळा, यांच्या मिश्रणातून तो येतो. म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी डब्यात घालून ढवळली की अमेरिकी सैन्य तयार. आणि नातंही तसं दूरचं नाही. 1947 साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यानं डॉज आणि प्लायमाऊथ गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि पुढे टॅक्सी झालेली पद्मिनीही त्याच कारखान्यातली. सुभेदाराला हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. त्याला आपल्या ट्रकचं मीटर पडल्यासारखं वाटलं असावं.

मग राहिली बंपरवरची अक्षरं. अमेरिकी सैन्यात बंपर म्हणजे गाडीचा पत्ता. एका टोकाला वरची फौज आणि रेजिमेंट, दुसऱ्या टोकाला कंपनी आणि गाडीचा क्रमांक, सगळं पांढऱ्या स्टेन्सिलनं. सुभेदाराच्या बंपरवर त्याचा मागमूसही उरला नव्हता. खोटी रेजिमेंट लिहायला त्याचं मन घेईना आणि रिकामा बंपर बघवेना. सोसायटीच्या सभेत सूचना आल्या. कुणी म्हणालं, विंग आणि फ्लॅट नंबर टाका. कुणी म्हणालं, 'नो पार्किंग' लिहा, निदान उपयोग होईल. निर्णय व्हायच्या आत वॉचमननं शनिवारी सकाळी विंचच्या हुकाला लिंबू-मिरची बांधली. ती मात्र टिकली. मॅन्युअलमध्ये तिची तरतूद नाही, पण मनाईही नाही.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 सालापासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि अट अशी, की रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. नंबर हाती आल्यावर सुभेदार ट्रक घेऊन पहिल्यांदा रॅलीला निघाला आणि पहिल्याच चौकात हवालदारांनी हात केला.

"काका, हे पुढं काय लावलंय? 2017 पासून बुलबारला बंदी आहे, माहिती नाही का?"

"अहो, हा बुलबार नाही. बंपर आहे. कंपनीचा."

"कुठल्या कंपनीचा?"

"अमेरिकी सैन्याचा."

हवालदारांनी बंपर पाहिला, विंच पाहिली, लिंबू-मिरची पाहिली. मग वाकून आतली 'जय मल्हार'ची अक्षरं वाचली. उभे राहिले, टोपी सारखी केली. "जावा," म्हणाले. आजवर त्या अक्षरांना लाभलेला मल्हारी आणि मेस्त्री सोडून हा तिसरा वाचक. वहिनी मागच्या बाकावरून काही बोलल्या नाहीत, पण त्या न बोलण्याला एक आवाज होता.

रॅलीचं मैदान शहराबाहेर, काळ्या मातीचं. दुपारी अवकाळी पाऊस कोसळला आणि तासाभरात मैदानाचं रताळ्याचं शेत झालं. पाहुण्यांपैकी एकाची नवीकोरी, चकचकीत एसयूव्ही ॲक्सलपर्यंत रुतली. मालकानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर डॉजच्या विंचवर स्थिरावली. "काका, तुमच्याकडे ते क्रेन आहे ना?"

क्रेन म्हटलेलं सुभेदारानं त्या दिवशी माफ केलं. कारण त्याच्या विंचला ऐंशी वर्षांच्या वयात पुन्हा एकदा कुणीतरी हाक मारली होती. मग सोहळा सुरू झाला. चाकांपुढे दगड लावले, नाहीतर गाडी बाहेर यायच्याऐवजी ट्रकच गाडीकडे जायचा. चामड्याचे हातमोजे चढवले, कारण जुन्या वायररोपाच्या तुटलेल्या तारा काट्यासारख्या घुसतात. रोप जवळजवळ सगळा सोडला, कारण विंचची खरी ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराला असते. वर थर चढतील तशी ती घटते. ताणलेल्या रोपावर ओलं गोणपाट टाकलं, तुटलाच तर फटका बसू नये म्हणून. "रोप ओलांडायचा नाही!" असं तो इतक्या खणखणीत आवाजात ओरडला, की त्या क्षणी तो खरोखर सुभेदार होता. बघ्यांची गर्दी जमली. बांधावर एक शेतकरी ट्रॅक्टर बंद करून, हाताची घडी घालून उभा राहिला.

दांडा ओढला. रोप ताठ झाला. ड्रम अर्धा फेरा फिरला. एसयूव्ही थरथरली, पण जागची हलली नाही. इंजिनाचा आवाज खोल गेला, डॉजचं नाक खाली वाकलं आणि तेवढ्यात, टक्.

शाफ्ट मोकळा फिरू लागला. क्षणभर शांतता पसरली. मग सुभेदार केबिनमधून उडी मारून खाली आला, चिखलात गुडघे टेकून विंचखाली घुसला आणि दोन तुकडे मुठीत घेऊन बाहेर आला.

"तुटली! पिन तुटली!" तो मला मिठी मारत ओरडला. चिखलासकट. "चाकाला काही नाही झालं! बरोब्बर तुटली!"

एसयूव्हीचा मालक भांबावून त्याच्याकडे पाहत होता. गाडी अडकलेली तशीच, यंत्र मोडलं, आणि म्हाताऱ्याला आनंदाचं भरतं आलेलं. नंतर कळलं, की त्यानं गाडी 'पार्क'मध्येच ठेवली होती. विंच गाडीला ओढत होती आणि गाडीची चाकं विंचला नाही म्हणत होती. हाय-टेन्साइल बोल्ट असता तर उद्यमनगरचं चाक त्या दिवशी पुन्हा उद्यमनगरात गेलं असतं.

तोवर शेतकऱ्यानं ट्रॅक्टर खाली आणला, साखळी अडकवली, मालकाला "गिअर काढा की राव" म्हणाला आणि एका झटक्यात गाडी बाहेर काढली. साखळी गोळा करता करता तो डॉजपाशी थांबला. नवा रंग, सरळ बंपर, तेलानं चमकणारा रोप, सगळं त्यानं कौतुकानं निरखलं.

"मशीन लई देखणं हाय तुमचं," तो म्हणाला. "पण ऐन कामाला थांबलं की."

"थांबलं नाही," सुभेदारानं पिनचे तुकडे त्याच्यापुढे धरले. "योग्य वेळी थांबणं हेच याचं काम."

शेतकऱ्यानं तुकडे पाहिले, सुभेदाराकडे पाहिलं आणि थोडा विचार करून मान हलवली.

"बराबर हाय," तो म्हणाला. "आमच्या तलाठी हापिसातबी असंच सांगत्यात."